रिअॅक्टिव्ह आलंय, पण थांबा जरा

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर एक वही येते. कॅम्पमध्ये रक्त दिलेल्यांपैकी ज्यांच्या टेस्टमध्ये काहीतरी निघालंय त्यांना बोलावून घ्यायचं, त्याची वही. खरं तर फोन करायचं काम कौन्सेलर मॅडमचं, पण त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्यापासून ते माझ्या गळ्यात पडलंय. वीस वर्षं ब्लडबँकेत टेक्निशियन म्हणून काढली तरी या फोनला माझा हात जड होतो, कारण फोनवर आजाराचं नाव घ्यायचं नसतं. "एकदा येऊन जा, सँपल परत घ्यायचंय" एवढंच म्हणायचं, आणि समोरचा माणूस काही खुळा नसतो.

या वेळी वहीत एक मुलगा होता. शिवजयंतीचा कॅम्प, मंडळाचा कार्यकर्ता, वय सव्वीस. (ओळख पटू नये म्हणून दोन-चार गोष्टी बदलल्यात.) फोन उचलला, माझं वाक्य ऐकलं आणि लगेच, "मॅडम, एचआयव्ही आहे का?" सगळे हेच विचारतात. मी म्हटलं नाही रे, ते नाहीये, तू ये, सर बोलतील तुझ्याशी. चाळीस मिनिटांत हजर, हातात हेल्मेट, सोबत आई. आईला आणायची गरज नव्हती पण आली ती आली.

आमच्या बीटीओ (ब्लडबँकेचे डॉक्टर) सरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं, त्यानेच आईला पण बसू द्या म्हणून सांगितलं. सरांनी सांगितलं की हेपॅटायटिस सी च्या टेस्टमध्ये रिअॅक्टिव्ह आलंय. आई म्हणाली, "म्हणजे पांढरी कावीळ का?" आपल्याकडे ज्या काविळीचं नाव माहीत नाही ती पांढरी, पंजाबात याच आजाराला काला पीलिया म्हणतात, रंगाचा आणि आजाराचा काही संबंध नाही पण भीती तीच. बाई दोन मिनिटं गप्प बसल्या आणि मग मला बाहेर पॅसेजमध्ये गाठून हळू आवाजात, "ताई, मे महिन्यात लग्न आहे त्याचं. मुलीकडच्यांना कळलं तर?"

तोपर्यंत मुलाने मोबाइलवर शोधून झालं होतं. लिव्हर सिऱ्हॉसिस, कॅन्सर, सगळं वाचलेलं, चेहरा पांढराफटक. मी त्याला माझ्या टेबलाशी बसवलं आणि म्हटलं, बाळा, तुझा आकडा बघ आधी.

आता हा आकडा म्हणजे काय ते नीट सांगते, कारण रिपोर्टवर तो बहुतेक वेळा छापतच नाहीत. रिपोर्टवर एकच शब्द असतो, रिअॅक्टिव्ह किंवा नॉन-रिअॅक्टिव्ह. मशीन मात्र असं हो-नाही बोलत नाही, मशीन रंग मोजतं. एलायझा म्हणजे ही रंगाची टेस्ट, तिच्या प्लेटमध्ये ९६ खळगे असतात, त्यांना वेल म्हणतात, म्हणजे विहीर (आमच्याकडे एक जुने टेक्निशियन होते ते खरंच "विहिरी भरल्या का?" असं विचारायचे). प्रत्येक वेलच्या तळाला व्हायरसचे प्रयोगशाळेत बनवलेले प्रोटीनचे तुकडे चिकटवलेले असतात. त्यात रक्तातलं सिरम टाकायचं, ३७ डिग्रीला ठेवायचं, धुवायचं, मग कॉन्ज्युगेट (व्हायरसविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीला चिकटणारं द्रावण) टाकायचं, परत ठेवायचं, परत धुवायचं, मग सबस्ट्रेट (कॉन्ज्युगेट उरलं असेल तिथे रंग देणारं रसायन). अँटीबॉडी असेल तर निळा रंग येतो, वरून अॅसिड टाकलं की पिवळा होतो आणि रीडर तो ४५० नॅनोमीटरला मोजतो. जो आकडा येतो तो ओडी, म्हणजे रंग किती गडद ते. निगेटिव्ह कंट्रोलची (ज्यात अँटीबॉडी नाही हे आधीच माहीत असतं अशा सँपलची) सरासरी काढायची, त्यात कंपनीने सांगितलेला आकडा मिळवायचा, झाला कट-ऑफ. त्या दिवशीचा कट-ऑफ होता ०.२४२ आणि या मुलाचा ओडी ०.३१५. भागाकार केला की १.३. एकच्या वर म्हणजे रिअॅक्टिव्ह, नियम म्हणजे नियम, पिशवी ऑटोक्लेव्हला, म्हणजे नष्ट करायला, गेली.

पण त्याच प्लेटवर आमचा पॉझिटिव्ह कंट्रोल होता, त्याचा भागाकार दहाच्या वर. ज्यांना खरोखर जुनं इन्फेक्शन असतं त्यांचे वेल बहुतेकदा असेच झणझणीत पिवळे येतात, हळदीच्या पाण्यासारखे. याचा वेल म्हणजे लिंबू सरबतात पाणी जास्त झाल्यासारखा. हा फरक मला डोळ्यांनी दिसतो, डॉक्टरांना आकडा दिला तर कळतो, पण पेशंटच्या हातात जो कागद जातो त्यावर दोघांसाठी शब्द एकच. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी साथरोग संस्थेने, २००३ सालीच लॅबना सांगितलं होतं की नुसतं पॉझिटिव्ह लिहू नका, हा भागाकार बघा, कमी असेल तर आणखी एका टेस्टने खात्री करा. आपल्याकडे अजून कित्येक लॅबच्या रिपोर्टवर आकड्याची ओळ नाही. एक ओळ छापायला असा काय खर्च येतो मला कळत नाही.

मग मुलाचा पुढचा प्रश्न, आणि तो बरोबरच होता: "मग मॅडम टेस्ट चुकीची आहे का तुमची?"

चुकीची नाही, तिचं कामच तसं आहे. ब्लडबँकेतली टेस्ट ही दारावरच्या वॉचमनसारखी. एक चोर आत जाण्यापेक्षा दहा पाहुणे अडवले तरी चालतील, कारण ती पिशवी उद्या एखाद्या थॅलेसेमियाच्या पोराला लागणार असते. म्हणून किट मुद्दाम जास्त संशयी बनवतात. त्यात भर म्हणजे हिशोब. समजा दहा हजार लोकांनी रक्त दिलं आणि त्यात खरोखर इन्फेक्शन असलेले तीस आहेत. किट इतकं चांगलं की ते तीसच्या तीस पकडतं आणि निरोगी हजार लोकांतले फक्त पाच उगाच पकडतं. ऐकायला भारीच वाटतं ना? पण निरोगी लोक ९९७० आहेत, त्यांचे हजारी पाच म्हणजे जवळपास पन्नास. म्हणजे वहीत ऐंशी नावं, त्यातली पन्नास उगाचची! किट आणखी सुधारलं, हजारात पाचाऐवजी दोनच चुका केल्या, तरी वीस निरोगी माणसांना मला फोन करावा लागणारच. हेच किट डायलिसिस युनिटमध्ये नेलं, जिथे समजा हजारात शंभर जणांना खरंच इन्फेक्शन आहे, तर एकशेपाचमध्ये पाचच चुकीचे निघतील. किट तेच, माणसं वेगळी. हे गणित मी दरवर्षी डीएमएलटीच्या ट्रेनी पोरांना फळ्यावर करून दाखवते आणि दरवर्षी त्यांचा विश्वास बसत नाही.

बरं, किटचा स्वभाव हा एक भाग झाला. दुसरा भाग आमचा, म्हणजे टेक्निशियन लोकांचा, आणि त्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही म्हणून मीच लिहिते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी होते, नाव नको. एका दिवशी प्लेट रीडरमधून काढली आणि पोटात गोळा आला. ई रांगेतले बारापैकी सात वेल पिवळे. एका दिवसात एका गावच्या कॅम्पमध्ये सात जणांना हेपॅटायटिस सी? आणि सगळे नेमके ई रांगेत? व्हायरसला एबीसीडी येत नाही. पण तेव्हा मी नवीन, सिनियर सुट्टीवर, आणि मी पहिल्यांदा काय केलं तर सात नावं वहीत उतरवली. हो, आधी उतरवली. मग जेवायला बसल्यावर डब्यातला पहिला घास घेताना डोक्यात उजेड पडला की प्लेट धुणारा वॉशर एका वेळी आठ नळ्यांनी आठ वेल धुतो, आणि पाचवी नळी म्हणजे ई. उठले, वॉशर उघडला, तर पाचव्या नळीच्या तोंडाशी वॉश बफरचं मीठ साचून पांढरा खडा झालेला. पाणी नीट ओढलंच जात नव्हतं, कॉन्ज्युगेट वेलमध्येच राहत होतं, त्यामुळे अँटीबॉडी असो नसो रंग येणारच. नळी गरम डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवली, सुईने साफ केली, सगळी प्लेट परत लावली. सातही जण नॉन-रिअॅक्टिव्ह.

त्या वॉशरच्या मेंटेनन्सचा करार संपून पाच महिने झाले होते. मी तीनदा लेखी दिलं होतं. "पुढच्या बजेटला बघू" असं तीनदा ऐकलं होतं. मी फोन केले असते तर त्या सात घरांमध्ये काय झालं असतं हे आता त्या मुलाची आई पॅसेजमध्ये उभी असताना मला परत आठवलं.

आणि ही चूक तरी दिसणारी होती, पिवळ्याधमक रंगात दिसली. खरी भीती उलट्या चुकीची वाटते. वेलमध्ये सँपल टाकायलाच विसरलात, पिपेटच्या टिपेत हवेचा बुडबुडा आला, तर वेल छान पांढरा, रिपोर्ट नॉन-रिअॅक्टिव्ह, सगळे खूश. हे ओळखायला आता काही किटमध्ये सँपल पडलं की द्रावणाचा रंगच बदलतो, साधी युक्ती पण लाखमोलाची. मग कॅम्पवरून आलेले प्लेन बल्ब, म्हणजे रक्ताच्या साध्या नळ्या. रक्त पूर्ण गोठायच्या आतच सेंट्रिफ्यूजला घातलं की सिरममध्ये फायब्रिनचे बारीक धागे राहतात, ते वेलमध्ये चिकटतात आणि धुतले जात नाहीत. म्हणून एखादं सँपल रिअॅक्टिव्ह आलं की पहिलं काम म्हणजे बल्ब परत फिरवायचा आणि तेच सँपल दोन वेलमध्ये नव्याने लावायचं. दोनपैकी एकातही परत आलं तर पुढे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे सगळं हाताने व्हायचं, आता बऱ्याच ठिकाणी केमिल्युमिनेसन्सची (रंगाऐवजी प्रकाश मोजणारी) मशीनं आलीत, ती गुठळी लागली की स्वतःच ओरडतात. तरी बल्ब घाईत फिरवणारा हात माणसाचाच आहे.

रोजच्या रनबरोबर एक ओळखीचं, मुद्दाम थोडंच पॉझिटिव्ह असलेलं सँपल लावायचं आणि त्याचा आकडा आलेखावर मांडायचा, त्याला लेव्ही-जेनिंग्ज चार्ट म्हणतात. त्या रेषेने हळूहळू घसरायला सुरुवात केली की समजायचं काहीतरी बिघडतंय, किट, फ्रिज, वॉशर, काहीतरी. आमच्याकडे ऑडिट जवळ आलं की मागचे तीन महिने एका बसणीत भरायची पद्धत होती एके काळी, एकाच पेनने, एकाच शाईत. हसू नका, तुमच्याकडे पण होती.

मुलाचं काय झालं ते सांगतेच पण त्याआधी थोडं मागे जाते, कारण ही टेस्ट मुळात कशी आली ती गोष्ट मला फार आवडते. १९७० च्या दशकात अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत हार्वी ऑल्टर रक्त घेतलेल्या पेशंटचा अभ्यास करत होते. ए नाही, बी नाही, तरी काविळी होत होत्या. व्हायरस दिसेना म्हणून नावच ठेवलं "नॉन-ए नॉन-बी". म्हणजे ओळख काय तर हा तो नव्हे! मग चायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ यांनी, सीडीसीच्या डॅनियल ब्रॅडली यांच्या मदतीने, उलटीकडून सुरुवात केली. आधी व्हायरस बघायचा आणि मग टेस्ट करायची हा सरळ रस्ता सोडला. इन्फेक्शन झालेल्या चिंपांझीच्या रक्तातल्या जनुकांचे असंख्य तुकडे बॅक्टेरियात घालून प्रोटीन बनवून घेतली आणि पेशंटच्या सिरममधली अँटीबॉडी कुठल्या तुकड्याला चिकटते ते शोधत बसले. लाखो तुकड्यांतून एक तुकडा सापडला. एक! १९८९ मध्ये छापून आलं, आणि ऑल्टर यांच्या फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं जपलेली सांकेतिक नंबर घातलेली सँपल होती त्यांच्यावर टेस्ट खरी ठरली. त्याआधी किती तरी जण "आमची टेस्ट बघा" म्हणून आले होते आणि त्याच सँपलवर आपटले होते. माझ्या मते या गोष्टीतला हिरो तो फ्रीजर आहे. २०२० चं नोबेल ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना मिळालं.

पण १९९० ची पहिली टेस्ट त्या एकाच भागातल्या प्रोटीनवर उभी होती, त्यामुळे बरेच खरे पेशंट सुटायचे आणि बरेच निरोगी अडकायचे. १९९२ च्या सुमाराला दुसरी पिढी आली, त्यात व्हायरसच्या गाभ्याचं म्हणजे कोअरचं प्रोटीन आणि एनएस३ नावाचं आणखी एक प्रोटीन घातलं, मग तिसऱ्या पिढीत एनएस५. जितक्या जास्त जागी अँटीबॉडी धरायची सोय तितकं सुटणं कमी. आता चौथ्या पिढीच्या किटमध्ये अँटीबॉडी आणि व्हायरसचं कोअर अँटिजेन दोन्ही एकदम बघतात, म्हणजे शरीराने अजून अँटीबॉडी बनवल्या नसतील तरी व्हायरसचा तुकडाच हाती लागू शकतो.

याचं महत्त्व विंडो पिरियडमुळे. इन्फेक्शन झाल्यावर अँटीबॉडी दिसायला साधारण आठ ते अकरा आठवडे लागतात. या काळात माणूस रक्त देतो, आमची टेस्ट स्वच्छ येते, आणि आम्ही ती पिशवी देतो. चूक कोणाचीच नाही, आणि तरीही एखाद्याला हेपॅटायटिस होतो. व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा, मात्र एक-दोन आठवड्यांत सापडतो, तो शोधणारी टेस्ट म्हणजे नॅट. आपल्याकडे ब्लडबँकेला एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या सक्तीच्या आहेत, नॅट सक्तीची नाही. ज्यांना परवडतं ते करतात आणि पिशवीमागे पैसे वाढतात. खर्च वाचवायला सहा-सहा सँपल एकत्र मिसळूनही नॅट करतात, पण मिसळलं की व्हायरस पातळ होतो हे कळायला पीएचडी लागत नाही. आणखी एक: डायलिसिसवरचे किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी झालेले पेशंट कधी कधी अँटीबॉडी बनवतच नाहीत. त्यांच्या बाबतीत नुसत्या अँटीबॉडी टेस्टवर विसंबणं म्हणजे बंद पडलेल्या घड्याळात वेळ बघणं.

ब्रिटनने १९९१ च्या सप्टेंबरमध्ये रक्तपिशव्यांची ही तपासणी सुरू केली, टेस्ट हातात असताना दुसऱ्या देशांच्या मागून. २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या संसर्गित रक्ताच्या चौकशीचा अहवाल आला, त्यात या उशिरावर फार कडक लिहिलंय. आपल्याकडे तर आणखी उशीर झाला, आणि आपल्याकडे अशी चौकशी वगैरे काही नाही.

आपल्याकडच्या उशिराचा हिशोब माझ्या घरात आहे. माझा मामा. कराडजवळ १९९४ साली उसाच्या ट्रॉलीला मोटरसायकल धडकून मांडीचं हाड मोडलं, तीन बाटल्या रक्त चढवलं. तेव्हा त्या बाटल्यांची एचसीव्हीसाठी, म्हणजे हेपॅटायटिस सी च्या व्हायरससाठी, तपासणी होत नव्हती. चोवीस वर्षं काही नाही. मग थकवा, एकदा एका तपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले, आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये निदान. नशिबाने त्याच वर्षी २८ जुलैला केंद्राचा व्हायरल हेपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता, सिव्हिलमधून सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर फुकट मिळालं. बारा आठवडे, चौऱ्याऐंशी दिवस, मामाने कॅलेंडरवर रोज काट मारली. याच सोफोसबुवीरची एक गोळी अमेरिकेत २०१३ ला बाजारात आली तेव्हा हजार डॉलरला होती! गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए टेस्ट, "टार्गेट नॉट डिटेक्टेड". बरा झाला. मामीने सत्यनारायण घातला.

२०२३ ला मामाला मोतीबिंदू. एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशनआधीच्या तपासण्या, त्यात रॅपिड कार्डवर एचसीव्ही. दोन रेघा. नर्सने वेटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, "काका, तुमचं पॉझिटिव्ह आलंय, तुमचं शेवटी घेऊ आणि स्पेशल किटचे पैसे वेगळे लागतील." मामाने मला फोन केला तेव्हा आवाज रडवेला, "अगं, परत आलं की काय ते?"

काही परत आलं नव्हतं. अँटीबॉडी बहुतेकांत आयुष्यभर राहतात. वाण्याची उधारी फिटली तरी वहीतली ओळ काही खोडली जात नाही, तसं आहे ते. कार्ड फक्त ओळ वाचतं, बाकी किती आहे ते सांगत नाही. बाकी सांगतो तो आरएनए. औषध न घेताही साधारण शंभरातले पंधरा ते पंचेचाळीस लोक सहा महिन्यांत स्वतःच व्हायरसला हाकलतात, त्यांच्याही कार्डवर आयुष्यभर दोन रेघा. या सगळ्यांना आपण "पॉझिटिव्ह" म्हणतो, आणि ज्याच्या रक्तात आत्ता व्हायरस पोहतोय त्यालाही. आणि कार्ड वेळ संपल्यावर वाचलं तर तिसराच घोळ, अर्ध्या तासाने उगवलेली पुसट रेघ बघून मी लोकांना घाबरलेलं पाहिलंय, म्हणजे कार्ड टेबलावर ठेवून चहाला गेलेला माणूस आणि परत येऊन "अरे, आली की रेघ". मामाने आता तो आरएनएचा रिपोर्ट लॅमिनेट करून घेतलाय आणि आधार कार्डाच्या मागे ठेवलाय. कुठल्याही दवाखान्यात गेला की आधी तो काढतो.

तर मला विचाराल की ही टेस्ट आणखी अचूक कशी होईल, तर माझं उत्तर आणखी एक नवीन किट हे नाहीये. किट चांगली झालीत. मला हवंय ते एवढंच की पहिली टेस्ट रिअॅक्टिव्ह आली तर त्याच वेळी, त्याच रक्तावर, दुसरी आरएनएची टेस्ट व्हावी, माणसाला परत न बोलावता. याला रिफ्लेक्स टेस्टिंग म्हणतात. डब्ल्यूएचओने २०२२ च्या मार्गदर्शनात हेच सांगितलं, सीडीसीनेही २०२३ मध्ये सांगितलं की एका भेटीत सगळं उरका. करायचं काय तर सुरुवातीलाच प्लेन बल्बबरोबर एक ईडीटीए बल्ब (ज्यात रक्त गोठत नाही) जास्तीचा घ्यायचा, काही तासांत त्याचा प्लाझ्मा वेगळा करून थंड ठेवायचा. आरएनए नाजूक असतो, गाडीच्या डिकीत दुपारभर फिरला तर निगेटिव्ह यायचा, आणि त्या निगेटिव्हला काही अर्थ नाही. मशीनचं म्हणाल तर पूर्वी पीसीआरला सँपल पुण्या-मुंबईला जायचं आणि दहा दिवस जायचे. आता जीनएक्स्पर्टवर एचसीव्हीचं कार्ट्रिज चालतं, गोव्यात बनणारं ट्रूनॅट आहे, बॅटरीवर चालतं, त्यातही एचसीव्हीची चिप आहे. टीबी आणि कोविडच्या निमित्ताने ही मशीनं किती तरी सरकारी दवाखान्यांत येऊन बसलीत. बसलीत म्हणजे खरंच बसलीत, काही ठिकाणी त्यांच्यावर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर फाइली. टीबीच्या कार्यक्रमाचं मशीन हेपॅटायटिसने कसं वापरायचं, पत्र कोणी कोणाला द्यायचं, यात अडकतं सगळं.

आता मुलगा. त्याच दिवशी नवीन सँपल घेतलं, दोन बल्ब. दुसऱ्या कंपनीच्या किटवर लावलं, कारण त्या किटमधले प्रोटीनचे तुकडे वेगळ्या पद्धतीने बनवलेले असतात, उगाचची अँटीबॉडी एका किटला फसवते ती दुसऱ्याला सहसा फसवत नाही. नॉन-रिअॅक्टिव्ह. ईडीटीए बल्ब बर्फाच्या डब्यात घालून आरएनएला पाठवला, पाचव्या दिवशी रिपोर्ट, नॉट डिटेक्टेड. सरांनी त्याला सुई, टॅटू, दवाखाना, मागच्या सहा महिन्यांतलं सगळं विचारून घेतलं होतं, कारण इन्फेक्शन अगदी ताजं असायची शंका असती तर काही महिन्यांनी परत बघावं लागलं असतं. तसं काही नव्हतं. इन्फेक्शन नाही.

ते पाच दिवस तो जेवला नाही असं आई म्हणाली. मुलीकडच्यांना त्यांनी काही सांगितलं नव्हतं, पण तारीख जरा पुढे ढकलूया का असा विषय काढून झाला होता, आणि तिकडून "का बरं?" असा फोनही येऊन गेला होता. रिपोर्ट हातात घेऊन त्याने मला विचारलं, "मॅडम, मग पुढच्या कॅम्पला येऊ ना?" इथे मला परत वाईट वाटलं, कारण आमच्याकडे एकदा हे नाव वहीत गेलं की त्याचं रक्त घेत नाहीत. तू निरोगी आहेस पण तुझं रक्त नको, हे त्याला समजावताना माझंच मला पटत नव्हतं. तो म्हणाला मग मी पोरं घेऊन येतो, वाटप-बिटप बघतो. म्हटलं ये.

त्या सोमवारच्या वहीत त्याच्यासकट चार नावं होती. दोघांचे भागाकार आठच्या वर, म्हणजे ते खरे असायची शक्यता बरीच. त्यातला एक आला, सिव्हिलला पाठवला, आरएनए निघाला, गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्याचा नंबर "अस्तित्वात नाही". तिसरी एक बाई, फोन नवरा उचलतो आणि "ती घरी नाही" म्हणतो, कशाबद्दल आहे ते त्याला मी सांगू शकत नाही. आज सातव्यांदा लावला. उद्या दुपारी दोन-अडीचला लावून बघणार आहे, तो कामावर असेल तेव्हा.